खाज लपवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली साधी गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. पण जे भोगले ते सांगते.

माझी आत्या वृद्धाश्रमात राहते. तिला मूलबाळ नाही. दर रविवारी मी तिला न्हाऊ घालते. २०२३ च्या थंडीत तिचे अंग रात्री फार खाजू लागले. "म्हातारपणी कातडी कोरडी पडतेच," असे तेथील सेविका म्हणाली. मलाही पटले. मी खोबरेल चोळत राहिले. महिन्याभराने माझ्याच बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठले, मग धाकट्या मुलाच्या.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही खरूज." मी लाजेने मान खाली घातली. त्या हसून म्हणाल्या, "अहो, रोज न्हाणाऱ्यालाही ही होते. बारीकसा किडा कातडीत बीळ करून अंडी घालतो. कातडीला कातडी लागून राहिली की तो दुसऱ्याच्या अंगावर जातो. पहिल्या खेपेला ४ ते ६ आठवडे खाजही सुटत नाही. तोवर माणूस नकळत दुसऱ्यांना ती देत असतो."

मी आश्रमात कळवले. तेव्हा ज्यांना खाजत होते, तेवढ्यांनाच मलम लावले. आत्याला कोपऱ्यातली खोली आणि निराळे ताट मिळाले. दीड महिन्यात खरूज पुन्हा हजर! आत्या म्हणाली, "पोरी, आता माझ्याजवळ बसत जाऊ नकोस." त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मग डॉक्टरीणबाईंनाच आश्रमात नेले. त्यांनी एकेकीला तपासले. अंथरुणाला खिळलेल्या एका आजींच्या अंगावर जाड खपल्या होत्या. त्या कधी खाजवत नसत, म्हणून कुणाला संशय आला नव्हता. साध्या खरजेत अंगावर दहापंधरा किडे असतात, अशा खपल्यांत हजारो! त्यांना मलमाबरोबर गोळ्या दिल्या. सेविकांनी हातमोजे घातले.

बाकी सर्वांना, म्हणजे खाज नसलेल्यांनाही, एकाच रात्री ५ टक्क्यांचे परमेथ्रिन मलम लावले. सेविका, स्वयंपाकीण, आमच्यासारखे नातलग, कुणी सुटले नाही. मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्यांत, नखांखाली. वृद्धांना डोक्यालाही, डोळे-तोंड सांभाळून. हात धुतले की हातांना पुन्हा. सकाळी स्नान. अंथरुणे-कपडे कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले. धुता न येणाऱ्या वस्तू पिशवीत बांधून आठवडाभर ठेवल्या, कारण अंगावेगळा किडा दोन-तीन दिवसांतच मरतो. आठवड्याने मलम पुन्हा एकदा लावले.

नंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. घाबरून रोज मलम चोळू नये, डॉक्टरांना विचारावे. तान्ही मुले आणि गर्भवती यांचे औषध तर त्यांनीच ठरवावे.

भगिनींनो, एकीला बाजूला बसवून खरूज गेली नाही. सर्वजणी एकदम उठल्या तेव्हा गेली. आपल्या घरी, आश्रमात, वसतिगृहात कुणाला रात्री खाज सुटली तर लपवू नका आणि त्या माणसाला लाजवू नका.

आता रविवारी आत्या स्वतःहून हात पुढे करते. मी तो धरते. एवढे सांगून माझे दोन शब्द पुरे करते.