उतारवयात घर सोडावे की राखावे?

(सुवर्णमहोत्सवी ज्येष्ठ श्रावक मेळाव्यातील भाषण)



आपल्या पेठेतील कितीतरी वाड्यांना आज कुलपे आहेत. मुले पुण्या-मुंबईस स्थिरावली, मागोमाग आईवडीलही गेले. माझ्या घरीही हा विषय दोन वर्षे चालू आहे. दुकानाच्या माडीवर आमचे बिऱ्हाड. जिना उभा, सौभाग्यवतींचे गुडघे अधू. मुलगा म्हणतो, "अण्णा, आता पुण्याला या." त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही.

माझ्या काकू अशाच मुलाकडे गेल्या होत्या. सातवा मजला, लिफ्ट, स्वतंत्र खोली, सूनही प्रेमळ. तरी आठ महिन्यांत त्या परतल्या. विचारले तर म्हणाल्या, "दर्शनाला जायचं तरी कुणाला तरी विचारावं लागतं रे." मंदिर चार किलोमीटर दूर. सून कामावरून येईपर्यंत सूर्यास्त झालेला असे, म्हणून काकू सायंकाळी एकट्याच जेवत. मुनिमहाराजांच्या आहारासाठी दारी उभे राहून पडगाहन करण्याचे भाग्य सातव्या मजल्यावर कोठले? येथे त्या रोज सकाळी स्वतःच्या पायांनी गंधोदक घ्यायला जातात.

मात्र जागा न सोडण्यात नेहमी धर्मच असतो असे नाही; पुष्कळदा तो मोह असतो. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ पत्नीच्या निधनानंतर हट्टाने एकटे राहिले. एका रात्री न्हाणीघरात पडले, ते सकाळी दूधवाल्याला कळले. मुलाने घाईने नेले. त्यांना विचारण्याची वेळ तेव्हा निघून गेली होती.

व्यापारी म्हणून एक सांगतो. वाडा विकून सगळी रक्कम मुलाच्या सदनिकेत घालू नये. परतीची वाट बंद होते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास न्यायाधिकरणाकडे दाद मागून परत मिळू शकते. पण ती अट दाखविता आली पाहिजे. म्हणून बक्षीसपत्रातच लिहावी. यात अविश्वास कसला? पक्के बिल आपण सख्ख्या भावाकडूनही घेतो.

आम्ही उभयतांनी तूर्त मागील गोदाम रिकामे करून खालीच राहायचे ठरविले आहे. चातुर्मास येथे, हिवाळ्याचे दोन महिने मुलाकडे. पुढचे पाय चालतील तसे.

विश्वस्तांना एक विनंती. मंदिराच्या पायऱ्यांना कठडा नाही. सुवर्णमहोत्सवी निधीतून तो आधी बसवावा. सभागृहाचे रंगकाम मागाहून झाले तरी चालेल.

जय जिनेंद्र.