दहा रविवार, दहा चित्रपट

निवृत्त झालेल्या माणसाला सल्ले फार मिळतात. माझ्या मुलीने मात्र सल्ला दिला नाही, पैज लावली. दिवाळीला नाशिकहून आली तेव्हा म्हणाली, ‘‘बाबा, तुम्ही सदा म्हणता, हल्लीचे सिनेमे बघवत नाहीत. मग हे दहा बघून दाखवा.’’ आणि एक यादी हातात ठेवली.

यादी होती अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांची. ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकात १९६७ पासून २०१३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ते परीक्षणे लिहीत होते. १९७५ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळवणारे ते पहिले चित्रपट-समीक्षक. कर्करोगावरील शस्त्रक्रियांनंतर २००६ मध्ये त्यांचा आवाज गेला, पण लेखणी थांबली नाही. ब्रिटनचे ‘साइट अँड साउंड’ मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांकडून सर्वोत्तम दहा चित्रपट मागवते. २०१२ मध्ये ईबर्ट यांनी दिलेली ही यादी.

नियम साधे होते. दर रविवारी एक चित्रपट, मध्ये उठायचे नाही, फोन बंद.

सुरुवात केली बस्टर कीटनच्या ‘द जनरल’ने. १९२६ चा मूकपट. त्यात जळत्या पुलावरून खरेखुरे रेल्वे इंजिन नदीत कोसळते. शेजारी बसलेला नातू ओरडला, ‘‘आजोबा, खरंच पाडलं?’’ पुढे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावला. पहिली जवळजवळ पंचवीस मिनिटे कोणी बोलतच नाही. मी घोरू लागलो! नियमाप्रमाणे तो पुन्हा पाहावा लागला. ‘सिटिझन केन’ आवडला. ‘द ट्री ऑफ लाइफ’ अजूनही पुरता कळलेला नाही, हे कबूल करतो.

सातव्या रविवारी आला यासुजिरो ओझू यांचा ‘टोकियो स्टोरी’, १९५३ चा. गावाकडचे म्हातारे जोडपे मुलांना भेटायला टोकियोला येते. मुले वाईट नाहीत, फक्त कामात आहेत. अडचण नको म्हणून ती आईवडिलांना समुद्रकाठच्या गावी हवापालटाला धाडतात. ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. जणू आपणही त्या घरात बसलो आहोत.

आणि मला १९८६ साल आठवले. आईवडील कराडहून आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आले होते. मला रजा नव्हती; म्हणजे मी मागितलीच नव्हती. चौथ्या दिवशी मी त्यांना यात्रेच्या बसने अष्टविनायकाला धाडले आणि वर मोठे पुण्य केल्याचा आव आणला. परतल्यावर आई म्हणाली, ‘‘छान झालं रे दर्शन.’’ त्यानंतर ती दोघे आमच्याकडे पुन्हा राहायला आली नाहीत. बोलावले की म्हणायची, घराकडे कोण बघणार? इतकी वर्षे मला ते कारण खरे वाटत होते.

ईबर्ट म्हणत, चित्रपट बदलत नाही, पाहणारा बदलतो. फेलिनींचा ‘ला दोल्चे विता’ त्यांना वयाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा दिसला. पंचविशीत ‘टोकियो स्टोरी’ मी अर्ध्यावर सोडला असता. आता तो संपल्यावर बराच वेळ दिवा लावावासा वाटला नाही.

दहा रविवार पुरे झाले, पैज जिंकलो. मुलीने फोनवर विचारले, ‘‘बाबा, बक्षीस काय हवं?’’

म्हटले, ‘‘चार दिवस तुझ्याकडे येतो. फक्त कुठे फिरायला धाडू नकोस!’’