गिअरबॉक्स खराब नाही, फाउंडेशन गेलंय!

आजच्या भागात जुन्या गाड्या, आणि त्यातही एक छोटासा पार्ट. किंमत बघितली तर हजार रुपयांच्या आसपास, पण त्याच्यामुळं लोक अख्खा गिअरबॉक्स उघडून बसतात. इंग्रजी मॅन्युअलमध्ये त्याला ट्रान्समिशन माउंट म्हणतात. आपल्या नांदेड-लातूरच्या गॅरेजमध्ये तसं कुणी म्हणत नाही. तिथं त्याचं नाव ‘फाउंडेशन’. इंजिनचं फाउंडेशन, गिअरबॉक्सचं फाउंडेशन. आणि मला विचाराल तर हेच नाव जास्त बरोबर आहे.

क्लासिक स्पोर्ट्स कार म्हटलं की इन्स्टावर परदेशातल्या दोन सीटच्या गाड्या दिसतात. आपल्याकडं घराच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली बहुतेक करून उभी असते ती प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आजोबांची ‘फियाट’. पण मेकॅनिकली बघा. इंजिन पुढं, त्याच्या मागं गिअरबॉक्स, तिथून लांब शाफ्ट आणि ताकद मागच्या चाकांना. त्या काळच्या बऱ्याच स्पोर्ट्स गाड्यांची मांडणीही हीच. त्यामुळं आज जे सांगणार आहे ते दोन्हीकडं चालतं.

आधी थोडा इतिहास. पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत इंजिन थेट चासीला बोल्टनं आवळलेलं असायचं. इंजिन थरथरलं की गाडी थरथरायची आणि आत बसलेल्याचे दातसुद्धा. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीनं प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची पद्धत आणली. इंजिन-गिअरबॉक्सचा अख्खा गठ्ठा रबरावर बसवला. एक आधार पुढं वर, एक मागं खाली, म्हणजे तो गठ्ठा स्वतःच्या वजनाच्या मध्याभोवती डुलू शकेल. पुढं सिट्रोएननं तीच पद्धत फ्रान्समध्ये नेली.

आता आपला धागा. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. त्यांचा पहिला करार कुणाशी होता? याच क्रायस्लरशी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडल्या गेल्या. फियाट नंतर आली. १९६४ पासून ११०० डिलाइट, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी. १०८९ सीसी इंजिन, चार गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. हा दांडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

फाउंडेशन करतं काय? तीन कामं. एक, गिअरबॉक्सचं वजन पेलणं. दोन, इंजिनची थरथर बॉडीपर्यंत न पोचू देणं. तीन, तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्सला जो उलटा पीळ बसतो, तो धरून ठेवणं. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ इंजिनच्या टॉर्कच्या तीन-चार पट असतो.

थोडं गणित करू. घाबरू नका, दोन ओळींचं आहे. चार सिलिंडरचं इंजिन दर फेऱ्याला दोनदा पेटतं. आयडलला ८०० आरपीएम धरा. मिनिटाला १६०० ठोके, म्हणजे सेकंदाला साधारण २७. रबराचा स्वतःचा डुलायचा वेग सेकंदाला १९ पेक्षा कमी असेल, तरच ते हे ठोके अडवतं. रबर म्हातारं होऊन कडक झालं की हा वेग वाढतो, आणि अडवायच्या ऐवजी ते थरथर पुढं पाठवायला लागतं. म्हणून ‘अजून तुटलं नाही ना, मग चालू दे’ हे लॉजिक इथं लागू होत नाही. न तुटलेलं रबरसुद्धा मेलेलं असू शकतं.

आणि आपल्याकडं ते लवकर मरतं. एप्रिल-मे मधलं ऊन, शेजारी तापलेला सायलेन्सर, आणि गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून ठिबकणारं ऑइल. नैसर्गिक रबर तेलात फुगतं, मऊ पडतं आणि लोखंडी पट्टीपासून सुटतं.

आता खरा मुद्दा, दोष शोधायचा कसा? माझ्या मामांची १९८० च्या दशकातली पद्मिनी आहे, लातूरला. ॲक्सिलरेटर सोडला की दुसरा गिअर निसटायचा आणि खालून ‘ठक्क’ असा आवाज. एका गॅरेजमध्ये सांगितलं, गिअरबॉक्स उघडावा लागेल, पार्ट मिळतील न मिळतील. मामा म्हणाले, “बाबा, भंगारवाला बोलावतो आता. किती दिवस मढं सांभाळायचं?” मी म्हटलं, “मामा, दोन दिवस थांबा. आधी खालून बघू.”

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडं नियम असतो, बग आधी परत घडवून दाखवायचा, मग कोडला हात लावायचा. गाडीलाही तेच.

टेस्ट पहिली. गाडी उभी, न्यूट्रल, हळूहळू रेस द्या. थरथर इंजिनच्या वेगाबरोबर बदलते का? मग संशय फाउंडेशनवर. उभ्या गाडीत काहीच नाही, पण ठरावीक स्पीडला, न्यूट्रलमध्ये घरंगळतानासुद्धा थरथर येते? मग शाफ्ट, त्याचे क्रॉस किंवा चाकं बघा.

टेस्ट दुसरी. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर घट्ट. पहिला गिअर टाकून क्लच अगदी किंचित सोडा, मग तेच रिव्हर्समध्ये. एकानं बाजूला उभं राहून इंजिन किती उसळतं ते बघायचं. गाडीच्या पुढं किंवा मागं कुणीही उभं राहायचं नाही. खाली तर अजिबात नाही.

टेस्ट तिसरी. इंजिन बंद, गाडी स्टँडवर. फाउंडेशनजवळ पहार लावून गिअरबॉक्स किंचित वर उचला. रबर आणि लोखंड यांच्यात फट दिसली की निकाल लागला.

मामांच्या गाडीत ती फट अशी होती की बोट जाईल. मग गिअर का निसटत होता? तो दांडा आठवा. स्टिअरिंगखालचा दांडा बॉडीला धरलेला, गिअरबॉक्स रबरावर, आणि मध्ये सळया. गिअरबॉक्स उसळला की सळई ओढली जाते आणि गिअर बाहेर. आतले दात ठणठणीत होते.

बदलताना क्रम महत्त्वाचा. जमीन सपाट, चाकांना ओट लावा, बॅटरीची अर्थ काढा. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. मजबूत घोड्या लावा, गाडी ढकलून बघा, हलत नाही ना. ही गोष्ट मी हसत सांगत नाहीये. जॅक सरकून माणसं जातात.

मग गिअरबॉक्सखाली दुसरा जॅक, मध्ये लाकडी ठोकळा. वजन फक्त झेला, उचलू नका. जास्त खाली-वर केलं तर इंजिन कलतं आणि पंखा रेडिएटरला लागतो. जुने बोल्ट आदल्या दिवशीच तेल मारून ठेवा. नवीन फाउंडेशन बसवताना सगळे बोल्ट आधी हातानं फिरवा. जॅक सोडून वजन रबरावर येऊ द्या, आणि मगच मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेल्या अवस्थेत बसतं आणि लवकर फाटतं.

दोन गोष्टी लोक विसरतात. ऑइल सील गळत असेल तर ते आधी, नाहीतर वर्षभरात पुन्हा तेच. आणि अर्थची पट्टी. रबरातून करंट जात नाही, त्यामुळं इंजिन आणि बॉडी यांच्यात ती पट्टी पाहिजेच. तुटकी असेल तर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या नाहीतर चोकच्या केबलमधून वाट काढतो, आणि केबल जळते.

पार्ट घेताना नखानं दाबून बघा. दगडासारखा असेल तर दुकानात पडून म्हातारा झालाय. नांदेडकरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळ आहे, दोन्हीकडं विचारा. रेसिंगवाले पॉलीयुरेथेन लावतात. गिअर चोख पडतो, पण घणघण सगळी केबिनमध्ये. लातूरहून अहमदपूर, लोहा करत नांदेडला जायचं असेल तर साधं रबरच बरं.

एक कायद्याची गोष्ट. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, पण मग रोजच्या वापराला ती चालत नाही. पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्यात. तिकडं मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. म्हणजे उरल्यात त्या घरातल्याच. त्यातली एखादी हजार रुपयांच्या रबरासाठी भंगारात जाऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

तुमच्या घरी ताडपत्रीखाली काही असेल तर या रविवारी बॉनेट उघडा आणि पहिली टेस्ट करा. आवाज रेकॉर्ड करून पाठवा, पुढच्या भागात ऐकू. तोपर्यंत, राम राम मंडळी.