मुद्रा, धातू आणि साक्ष



इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात रोमन साम्राज्याच्या सिरिया प्रांतात टेट्राड्राक्म, म्हणजे चार द्राक्मांचे नाणे, चलनात होते. ते अँटिओक नगराचे. हे नगर आज तुर्कस्तानात अंताक्या या नावाने ओळखले जाते. नाण्याचे वजन सुमारे १२ ग्रॅम. दर्शनी बाजूस पर्णमुकुट धारण केलेला, आखूड दाढीचा सम्राट. मागील बाजूस चोचीत पर्णमाला धरलेला गरुड. साम्राज्याची राजभाषा लॅटिन असली, तरी नाण्यावरील मुख्य लेख ग्रीक आहे. कारण तेथील नगरांचा व्यवहार ग्रीक भाषेत चाले.

हा सम्राट फिलिप. आजच्या सिरियातील शहबा हे त्याचे जन्मस्थान. म्हणूनच इतिहासात तो ‘अरब फिलिप’ या नावाने परिचित आहे. इ. स. २४४ मध्ये पर्शियावरील मोहिमेत तरुण सम्राट तिसरा गॉर्डियन मरण पावला आणि सैन्याने फिलिपला सम्राट केले. त्याने पर्शियाचा राजा पहिला शापूर याच्याशी तह केला. पर्शियनांशी शांतता प्रस्थापित झाल्याची घोषणा त्याच्या लॅटिन नाण्यांवर कोरली गेली.

आता दुसरी साक्ष ऐकावी. इराणमधील नक्श-ए-रुस्तम येथील शापूरचा शिलालेख तीन भाषांत सांगतो की, गॉर्डियन युद्धात मारला गेला आणि फिलिपने पाच लाख दिनार देऊन सुटका करून घेतली. तेथील एका शिल्पात अश्वारूढ शापूरपुढे गुडघे टेकलेला रोमन सम्राट दिसतो. अनेक अभ्यासक त्याला फिलिप मानतात. रोमन लेखक मात्र गॉर्डियनच्या मृत्यूचा दोष फिलिपच्या कारस्थानाला देतात. एकच घटना, पण विजेत्याचे, पराभूताचे आणि टीकाकाराचे सांगणे वेगवेगळे.

तिसरी साक्ष खुद्द धातूची. त्या काळापर्यंत या नाण्यांतील चांदीचे प्रमाण बरेच घटले होते. मुद्रेवर वैभव होते, धातूत मात्र राज्यकोशाची ओढाताण उमटली होती.

इ. स. २४८ मध्ये फिलिपने रोमच्या स्थापनेची सहस्राब्दी थाटाने साजरी केली. त्या निमित्ताच्या नाण्यांवर सिंह, हरिण, पाणघोडा असे प्राणी झळकले. पुढच्याच वर्षी डेसियस याच्या सैन्याशी झालेल्या संघर्षात तो मारला गेला. उत्सव खरा होता. परंतु उत्सवाने राज्य स्थिर झाले नाही.

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाचा अभ्यास म्हणजे नाण्यावरील शब्द पाठ करणे नव्हे. त्या शब्दांना दुसऱ्या साक्षीसमोर उभे करणे आणि शेवटी धातू पारखणे, हा खरा अभ्यास होय. हीरक महोत्सवाची स्मरणिका हीदेखील एका अर्थी शाळेने पाडलेली मुद्राच आहे. तिच्यावर गुणवंतांची छायाचित्रे असतील, आणि ती असावीतच. पण ज्या मुलाला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, त्याची साक्षही शाळेने ऐकली पाहिजे. साठ वर्षांच्या या मुद्रेत चांदी किती, हे तीच सांगेल.