पित्याचे मोठेपण : शेठ अंबालाल साराभाई यांचे कुटुंबजीवन



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी 'वडील आणि कुटुंब' हा विषय विचारासाठी ठेवला आहे. पित्याचे स्मरण करताना त्याने मुलांसाठी काय कमावून ठेवले, याचा हिशेब बहुधा मांडला जातो. त्याने मुलांना काय होऊ दिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. अहमदाबादचे कापड गिरणी मालक शेठ अंबालाल साराभाई यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

अंबालालजींचा जन्म १८९० साली एका संपन्न जैन कुटुंबात झाला. अगदी बालपणीच माता-पित्यांचे छत्र हरपले आणि काका चिमणभाई यांनी या भावंडांचा सांभाळ केला. ज्याला स्वतःला पित्याचा सहवास फारसा लाभला नाही, तोच पुढे आठ अपत्यांचा वत्सल पिता झाला.

थोरली बहीण अनसूयाबेन यांचा बालविवाह झाला होता. तो संसार टिकला नाही. त्या काळी अशा स्त्रीच्या वाट्याला घराचा एक कोपरा येत असे. अंबालालजींनी बहिणीला वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला जाण्यास साहाय्य केले. तेथे प्राण्यांचे विच्छेदन करावे लागणार, हे कळताच जैन संस्कारात वाढलेल्या अनसूयाबेन यांनी तो अभ्यासक्रम सोडला आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परत आल्यावर त्यांनी गिरणी कामगारांच्या सेवेस वाहून घेतले.

१९१८ साली कसोटीचा क्षण आला. कामगारांनी ३५ टक्के पगारवाढ मागितली, मालक २० टक्क्यांवर अडून बसले. मालकांचे नेतृत्व अंबालालजींकडे होते, तर कामगारांच्या बाजूने महात्मा गांधींसोबत त्यांची सख्खी बहीण उभी होती. १५ मार्च रोजी गांधीजींनी उपवास आरंभला आणि तीन दिवसांनी, १८ मार्चला, तडजोड झाली. पुढे लवादाने ३५ टक्के वाढ मान्य केली. एवढा संघर्ष होऊनही भावा-बहिणीचा स्नेह तुटला नाही. मतभेद गिरणीच्या दारापाशी राहिला, तो घराच्या उंबरठ्याच्या आत आला नाही.

हाच उदारपणा मुलांच्या संगोपनात दिसतो. अंबालालजी आणि त्यांच्या सुविद्य पत्नी सरलादेवी यांनी शाहीबाग येथील 'रिट्रीट' या निवासस्थानीच मुलांसाठी शाळा उभारली. माँटेसोरी पद्धतीचा आदर्श पुढे ठेवून देशातील आणि परदेशातील शिक्षक बोलावले. बाल विक्रमला यंत्रांची आवड, तर त्याच्यासाठी घरीच कार्यशाळा सिद्ध झाली. ज्याची जी आवड, तिला खतपाणी घालावे, असा त्या घराचा शिरस्ता होता.

आपल्या मार्गाने जाण्याची ही मोकळीक पित्याला सोपी गेली असेल, असे मुळीच नाही. ज्येष्ठ कन्या मृदुलाबेन १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या काळात परदेशी कापडाच्या बहिष्काराच्या कार्यात उतरल्या. गिरणी मालकाची लाडकी लेक तुरुंगात गेली. फाळणीनंतर पळवून नेलेल्या स्त्रियांच्या मुक्ततेसाठी त्यांनी जिवाचे रान केले. भारतीबेन लेखनाकडे वळल्या. लीनाबेन यांनी 'श्रेयस' ही शाळा स्थापन केली. गौतमभाई आणि गिराबेन यांच्या प्रयत्नांतून १९४९ साली कॅलिको वस्त्रसंग्रहालय साकारले. डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ साली भौतिक संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली आणि पुढे भारताच्या अंतराळ संशोधनाचा पाया घातला.

अंबालालजी १९६७ साली निवर्तले. ज्या कॅलिको मिलच्या भरभराटीसाठी त्यांनी आयुष्य वेचले, ती आज चालू राहिलेली नाही. कापडाच्या व्यवसायातील मंडळींनी येथे क्षणभर थांबावे. गिरणी गेली, परंतु संग्रहालय आहे, प्रयोगशाळा आहे, शाळा आहे आणि आकाशात झेपावणारे अग्निबाण आहेत. पित्याने मुलांच्या स्वाधीन केलेली खरी ठेव ती हीच.

आपल्या समाजात आजही अशी घरे आहेत, जेथे मुलगा दुकानाच्या गादीवर बसला नाही म्हणून वडिलांनी त्याच्याशी बोलणे टाकले आहे. एका छताखाली दोन चुली पेटल्या आहेत. मुलीने पुढे शिकायचे म्हटले की स्थळांची यादी तिच्यापुढे येते. व्याख्यानमालेत अनेकांतवाद मनोभावे ऐकावा आणि घरी परतल्यावर एकाच मताचा आग्रह धरावा, ही विसंगती दूर करणे आवश्यक आहे. अनेकांताचा पहिला पाठ आपल्या स्वयंपाकघरात, जेवणाच्या पंगतीत गिरवला गेला पाहिजे. समोरच्या पाटावर बसलेल्या मुलाच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असू शकतो, एवढे मान्य करणारा पिता मुलांच्या हृदयात कायमचा वास करतो.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक पित्याने घरी गेल्यावर आपल्या मुलाला एवढेच विचारावे, "बाळ, तुला काय व्हायचे आहे?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत शांतपणे ऐकून घ्यावे.

जय जिनेंद्र!