मोठ्या पदाची मुलाखत आणि पोशाख
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मुलाखतीच्या पोशाखाविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. सुईदोऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका केलेल्या शिंपी समाजापुढे एका मॅट्रिक शिक्षकाने कपड्यांविषयी बोलावे, हे पंढरपूरकरांस विठ्ठलाच्या देवळाची वाट दाखविण्यासारखेच आहे. तथापि आज्ञा मोडवत नाही.

पूर्वी आपली मुले कारकुनीच्या जागेसाठी जात, तेव्हा धुतलेला सदरा पुरेसा होई. आता आपल्यांतील पंचेचाळिशीची मंडळी बँकेचे महाव्यवस्थापक, महाविद्यालयाचे प्राचार्य अशा पदांसाठी उभी राहतात. तेथे पदव्या व अनुभव कागदावर आधीच पोहोचलेले असतात. समोरची मंडळी न्याहाळतात ते हे की, हा गृहस्थ उद्या आपल्या शेजारच्या खुर्चीवर शोभेल काय. हे न्याय्य आहे की नाही, हा वाद आम्ही घालीत नाही. तसे घडते खरे.

पोशाखाने बोलता येते, हे आपल्या थोरांनी पुरेपूर ओळखले होते. १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, तेव्हा महात्मा फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि रयतेची स्थिती त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडली. उलट डॉ. आंबेडकर नीटनेटक्या सुटाबुटात वावरत. दोघांचे वेष भिन्न, परंतु दोन्ही विचारपूर्वक स्वीकारलेले. आमच्या मुलांनी दुकानातील पुतळ्याच्या अंगावरचा कोट जसाच्या तसा उचलावा, यात असा विचार कोठे दिसतो?

म्हणून प्रथम त्या संस्थेतील वरिष्ठ काय घालतात, याची चौकशी करावी. सहकारी साखर कारखान्यात टाय विजोड दिसेल; मुंबईच्या मोठ्या कंपनीत कदाचित तोच हवा असेल. संशय असल्यास गडद निळा वा राखी बंद गळ्याचा कोट बहुतेक ठिकाणी चालतो. भगिनींनी पैठणी लग्नासाठी राखावी. ठसठशीत काठाची सुती किंवा साधी रेशमी साडी पुरेशी भारदस्त दिसते. सलवार-कमीज वा कोट-पाटलोण घालण्याची सवय असेल, तर तेच घालावे. मुलाखत संगणकाच्या पडद्यावरून असेल, तर बारीक रेघांचे कापड टाळावे. कॅमेऱ्यात ते लहरल्यासारखे दिसते.

कोटाची परीक्षा खांद्यावर होते. बाही, कंबर, लांबी दुरुस्त होते. खांदा सहसा साधत नाही. नव्या कोटाच्या पाठीमागील चिरेवर फुलीसारखा कच्चा टाका असतो आणि बाहीवर छापाची पट्टी असते. दोन्ही उसवावयाची असतात, हे पुष्कळांस ठाऊक नसते! तो घालून घरी अर्धा तास खुर्चीवर बसून पाहावे. बसल्यावर पोटाशी ताणला जाणारा कोट उमेदवारास उत्तरे सुचू देत नाही.

आता जे मनास लागले ते सांगतो. आपल्याच समाजातील एका तरुणाने अशा मुलाखतीसाठी भाड्याने कोट आणला. तो खांद्यात दोन बोटे मोठा होता. त्याचे वडील चाळीस वर्षे कोट शिवीत आले आहेत. "वडिलांना का सांगितले नाही?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, कोट कोठे शिवला असे कोणी विचारले असते तर?" वडिलांना हे ठाऊक आहे. त्यांनी आम्हांजवळ एवढेच काढले की, त्याचे माप अजून वहीत आहे, आणि पोरगा अंगाने सुटेल म्हणून आपण शिवणीत माया नेहमीच जास्त सोडीत आलो.

त्या मुलास आम्ही दोष देत नाही. व्यवसाय विचारून पाहुण्यास ओसरीवर बसविणारी घरे आम्हीही पाहिली आहेत. परंतु ज्या हातांच्या शिलाईवर त्याची फी भरली गेली, ते हात त्या दिवशी रिकामे राहिले, याचे वाईट वाटते.

आमची सूचना लहान आहे. समाजाच्या वसतिगृहात निरनिराळ्या मापांचे आठ-दहा कोट ठेवावेत. उमेदवाराने आठवडाभर आधी यावे आणि आपल्यातीलच एखाद्या कारागिराने ते त्याच्या अंगास बसवून द्यावेत. कापडाचा पहिला खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. उपरोक्त वडिलांनी शिलाई पत्करली आहे. आणखी ज्यांस हातभार लावावयाचा असेल, त्यांनी भोजनापूर्वी चिटणिसांकडे नाव नोंदवावे.