सापडलेली वस्तू कुणाच्या हातातली?

(पुण्यात चित्रकलेच्या विद्यार्थ्यांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच दिलं आहे, थोडी काटछाट करून.)



मी मुंबईच्या गोदीत कंत्राटावर गोणी उचलतो. शिक्षण दहावी, आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. अधनंमधनं कविता लिहितो. चित्रकलेतलं मला काय कळतं, असं इथं येताना एकानं तोंडावर विचारलं. मी म्हटलं, चित्रकलेतलं नाय कळत, पण वस्तूंमधलं कळतं. तुम्ही हल्ली ज्याला मिश्र माध्यम म्हणता, म्हणजे गोणपाट, दोरी, पत्रा, जुने कागद, चपला, मडकी, ते सगळं आमच्या खांद्यावरून आलेलं असतं. म्हणून बोलायचा हक्क आहे.

आता एक सांगा. या पुण्यात मिश्र माध्यमाचं पहिलं काम कुणी केलं? तुमच्या कला-इतिहासाच्या पुस्तकात नसेल. ते पेशवाईनं केलं. एक जिवंत माणूस घेतला, गळ्यात मडकं अडकवलं, कमरेला झाडू बांधला. मडकं थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून, झाडू पावलं पुसायला. बाबासाहेबांनी 1936 साली 'जातिप्रथेचं निर्मूलन' छापलं, त्यात पुण्याचं नाव घेऊन हे लिहिलंय. शहरभर चालतंफिरतं काम. बघायला तिकीट नाही, खाली कलावंताची सही नाही.

तेव्हा या शहरात बसून तुम्ही मडकं हातात घेतलं की ते नुसतं मातीचं मडकं राहत नाही. तुम्ही हात लावायच्या आधीच त्याला जात चिकटलेली आहे. झाडूला आहे, कातड्याला आहे, पाण्याला तर आहेच. गोऱ्या देशातला कलावंत रस्त्यावरची वस्तू उचलून दालनात मांडतो आणि म्हणतो, बघा, साध्या वस्तूची कला झाली. आपल्याकडं साधी वस्तूच नाही. सावी सावरकरला हे कळलं होतं. नागपूरचा, जन्म 1961 चा, बडोद्याला छापचित्रं शिकला. गळ्यातलं मडकं आणि झाडू त्यानं धातूच्या पत्र्यावर आम्लानं कोरून काढला. एका कामाचं नावच 'अनटचेबल, पेशवा इन पुणे'. आम्ल पत्रा खातं आणि खाल्लेल्या जागेत शाई बसते. या विषयाला याहून बरी रीत मला तरी माहीत नाही.

पण मला आज जास्त बोलायचंय ते तुमच्याच गावच्या एका बाईबद्दल. राज्यश्री गूडी. जन्म 1990, पुण्याची. ती कुठल्या कला महाविद्यालयातनं आली नाही. फर्ग्युसनला समाजशास्त्र शिकली, मग मँचेस्टरला दृश्य मानवशास्त्र. म्हणजे विद्यार्थी असताना तिच्या हातात ब्रश नव्हता, प्रश्न होते. आणि मग तिनं सामान निवडलं. कुठलं, तर मनुस्मृती.

25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दरवर्षी आपण जाळतो. गूडीनं ती फाडली, भिजवली आणि तिचा लगदा केला. इथं जरा थांबा. जाळायला काडी लागते आणि पाच मिनिटं लागतात. लगदा करायला कागद बारीक फाडावा लागतो, पाण्यात मुरू द्यावा लागतो, मग कुटा, रगडा, पिळा. कागदाचे तंतू सुटे होतात, अक्षरं एकमेकांत मिसळतात, आणि 'शूद्र' कुठं होता नि 'ब्राह्मण' कुठं होता ते कुणाला सांगता येत नाही. राखाडी गोळा उरतो. त्यातनं पुन्हा काहीतरी घडवता येतं. आमच्या आया पाट्यावर वाटण वाटायच्या तेच हे काम. जाळणारे बहुतेक पुरुष होते, फोटोत दिसतात. वाटणाऱ्या फोटोत येत नाहीत. हे तिनं असं कुठं लिहिलंय का, मला ठाऊक असायची गरज नाही. सामानच ते सांगतं.

तिचं दुसरं काम, 2017 चं, नाव 'व्हॉट इज द कास्ट ऑफ वॉटर'. पाण्याची जात कोणती? यामागची हकिकत पोरांना नीट सांगावी लागते, कारण शाळेत एका ओळीत उरकतात. 1923 ला मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 ला महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर सवर्णांनी काय केलं? 108 घागरींचा विधी करून, पंचगव्य घालून तळं शुद्ध करून घेतलं. दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी शेणानं शुद्ध झालं. मग कोर्टकचेरी, आणि निकाल लागला 1937 ला. दहा वर्षं! गूडीनं 108 ग्लास मांडले आणि त्यात पंचगव्य. एवढंच. वर भाषण नाही, घोषणा नाही. बघणारा वाकून ग्लासात बघतो आणि त्याला आपोआप नाक मुरडावंसं वाटतं. ते मुरडलेलं नाक हाच त्या कामाचा अर्धा भाग. हे आपल्या कवींनी शिकावं, मीसुद्धा. आम्ही तिथं चार शिव्या घातल्या असत्या.

आणि तिसरं, जेवणाचं. दलित आत्मकथनांमधले भुकेचे, उष्ट्याचे, मेलेल्या ढोरांच्या मांसाचे उतारे घेऊन तिनं ते पाककृतीसारखे लिहिले. 'तुम्ही' करून. पुण्यात पाककृतीचं पुस्तक म्हणजे काय चीज आहे हे तुम्हाला सांगायला नको. 1970 ला 'रुचिरा' आलं, तेव्हापासून कित्येक लेकी सासरी जाताना बरोबर घेऊन जातात. त्यात चमचे, वाट्या, चवीपुरतं मीठ. आपलं स्वयंपाकघर त्यात कुठं होतं? शाहू पाटोळ्यांनी 2015 ला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं तेव्हा मराठवाड्यातल्या महारामांगांच्या चुलीला पुस्तक मिळालं. गूडीनं वेगळीच चाल केली. वाचणाऱ्यालाच उकिरड्यावर उभं केलं. आत्मकथन वाचताना सदाशिव पेठेतला वाचक डोळे पुसतो, अरेरे म्हणतो आणि पुस्तक मिटतो. पाककृती त्याला अरेरे म्हणू देत नाही, तिथं त्यालाच कृती करायचीय.

आता कुणीतरी म्हणणार, आणि मागच्या बाकावर कुजबुज चाललीय ती हीच असणार, की ही ॲमस्टरडॅमच्या राइक्सअकादमीत राहून आली, इंग्रजीत बोलते, गॅलरीत मांडते. कोल्हापूरकडचा प्रभाकर कांबळे, त्याची मडक्यांची 'उतरंड' 2022 ला बर्लिनच्या बिएनालेत गेली. म्हणजे गोऱ्यांनी टाळ्या वाजवल्या की झाली चळवळ? प्रश्न बरोबर आहे. पण गोदीत राहून मी एक बघितलंय. माल परदेशी गेला म्हणून कुणी मालाला शिव्या घालत नाही. भाव कुणी ठरवला आणि हमाली कुणाला मिळाली, ते विचारतात. उतरंड बर्लिनला जाऊ दे. ती आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात कधी येणार, हे मी कांबळेला विचारीन. भांडणासाठी नाही. मडकी उतरवायला आम्ही आहोत की.

भांडण मला दुसऱ्याशी करायचंय. काही वर्षांपूर्वी एक कलावंत आमच्या शेडमध्ये आला. नाव सांगत नाही, सांगण्याएवढा मोठा नाही. आमच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्याचा आकडा त्याला आवडला. गोणीत खुपसून ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी मूठ घामानं काळी झालेली. पन्नास रुपये टेकवले आणि घेऊन गेला. पुढं कुणीतरी प्रदर्शनाचा फोटो दाखवला. पांढऱ्या भिंतीवर आकडा, खाली पाटी, 'सापडलेली वस्तू'. सापडली? कुठं सापडली? म्हाताऱ्याच्या मुठीत होती! त्या मुठीवर त्याच्या अंगठ्याचा खड्डा होता. तो खड्डा पडायला तीसएक वर्षं लागली, आणि कलावंताला ती वस्तू दुपारी साडेतीनला सापडली. ससून डॉकमध्ये 2017 ला मोठा कलामहोत्सव झाला, मच्छीवाल्यांच्या गोदीत रंगवलेल्या भिंती, मांडण्या, लोकांची रीघ. निदान तिथं कोळ्यांचे चेहरे तरी भिंतीवर मोठे करून लावले होते. आमच्या म्हाताऱ्याचं नावसुद्धा पाटीवर नव्हतं.

म्हणून तुमच्यातल्या त्या मुलीच्या कामाबद्दल बोलतो. तिनं मघाशी सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून बोलतो, नाहीतर बोललो नसतो. तिची आई कचरा वेचते. तिनं आईची गोणी, रबरी हातमोजे, भंगारवाल्याच्या वजनाच्या चिठ्ठ्या आणि आईचं ओळखपत्र असं सगळं फळीवर शिवलंय. परीक्षकांचा निरोप आला, ओळखपत्र काढ, काम जास्त 'सार्वत्रिक' होईल. नाही काढलं तर मार्कांचं बघू.

सार्वत्रिक! या पुण्यात 1993 ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली ती याच ओळखपत्रावर. त्याआधी पोलीस हटकायचे, चोर म्हणायचे, कुत्री अंगावर सोडायचे. ओळखपत्र गळ्यात आल्यावर बाई म्हणू शकली, मी कामगार आहे. तो तुकडा काढला तर फळीवर उरतं काय? घाण आणि दया. त्यांना तेच पाहिजे.

याच बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं 2013 ला वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनांची पोती भरून ती बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवून दिली. तुमचा माल, तुम्हीच हातानं वेगळा करून बघा. पोतं, रक्त, पत्ता. त्याला कुणी मिश्र माध्यम म्हटलं नाही, पण माझ्या मते या शहरातलं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात जोरदार काम ते आहे. पत्ता बरोबर होता म्हणून.

तर बाई, ओळखपत्र काढायचं की नाही हे परीक्षकांनी ठरवायचं नाही. मीही ठरवणार नाही, इथं बसलेल्या कुणीच ठरवायचं नाही. तुझ्या आईला विचारलंस का? फोटो तिचा, नंबर तिचा. चारचौघांत टांगायला ती हो म्हणाली तर खिळा ठोक आणि मार्क गेले तर जाऊ देत. नाही म्हणाली तर काढ, आणि रिकाम्या जागेचा दोरा तसाच लोंबू दे. आणि उद्या ते काम विकलं गेलं तर तिचा हिस्सा किती, ते आत्ताच कागदावर लिही. आम्ही गोदीत आधी दर ठरवतो, मग खांदा देतो. मार्कांसाठी भांडायचं झालं तर एकटी जाऊ नकोस. इथं चाळीस पोरं बसलीत, चाळीस सह्या होतात.

माझी रात्रीची गाडी आहे, पाळीवर पोचायचंय. त्याआधी भिंतीला टेकवलेली कामं बघू द्या. ते मागचे दिवे लावा कुणीतरी. आणि ती गोणी तशी उचलू नका, शिवण फाटेल. दोघांनी धरा, खालून.